साडीचोळी

निवृत्तीनंतर मनुष्य आत्मचरित्र लिहितो किंवा घर बांधतो, असे आमचे एक स्नेही म्हणत असत. लिहिण्याजोगे माझ्या आयुष्यात फारसे घडले नव्हते, आणि बांधण्याची हौस पेलेल एवढा पैसा गाठीला नव्हता. म्हणून मी मधला मार्ग पत्करला आणि एक जुने घर विकत घेतले. ते घेताना जे घडले, त्याने न लिहिलेल्या आत्मचरित्राचे एक पान उघडे पडले. ते पान येथे वाचून दाखवितो.

घर देवासला आहे. इंदूरच्या एका महाविद्यालयात माझी तीस-बत्तीस वर्षे अध्यापनात गेली, आणि तेवढीच वर्षे तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत. उंबरठा ओलांडला की पाय जमिनीला लागावा, एवढीच इच्छा उरली होती. इंदुरात ती पुरी होण्याजोगी नव्हती. तासाभराच्या वाटेवरचे देवास मला आवडे. गावाच्या उशाशी चामुंडेची टेकडी, कोरडी हवा, आणि जुन्या वस्तीतल्या दारांवर अजून टिकून असलेली मराठी आडनावे. याच हवेच्या भरवशावर १९४८ साली क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व येथे आले आणि पुढे येथलेच झाले. बेळगावकडचा गवई माळव्यात घर करतो आणि माळव्याची लोकगीते गाऊ लागतो, हे आमच्या घरी मोठ्या कौतुकाने बोलले जाई. कारण माझी पत्नी गोव्याची, फोंड्याकडची. माळव्यात जन्म काढूनही तिने आपली कोंकणी सोडलेली नाही. रागावली आणि हिशेबाला बसली, की ती हमखास कोंकणीतच बोलते.

दलालाने दाखविलेले घर जुन्या गल्लीत होते. एका ओळीत तीन घरे, भिंतीला भिंत लागलेली. मुळात तो एकच वाडा होता. दोन पिढ्यांमागे तीन भावांत त्याची वाटणी झाली आणि मधल्या मोकळ्या जागांत भिंती उभ्या राहिल्या. आमच्या वाट्याला येऊ पाहत होते ते मधले घर. पुढे ओसरी, मग माजघर, मागे चौकाचा तिसरा हिस्सा आणि न्हाणी; वर सागवानी खांबांवर तोललेली माडी. दोन्ही बाजूंना उजेडाला वाव नाही. जो काही प्रकाश यायचा तो पुढून आणि चौकातून. चौकातली विहीर तिघांची सामाईक, आणि सांडपाण्याची मोरी शेजारच्या घराच्या पोटातून जाणारी.

जुने घर पाहणे म्हणजे वृद्ध माणसाची प्रकृती पाहण्यासारखे आहे. वरचा रंग पाहून चालत नाही. मी एक जाणता गवंडी बरोबर नेला होता. त्याने तुळयांवर टिचक्या मारून वाळवीचा आवाज ऐकला, भिंतीच्या पायथ्याचा गिलावा नखाने खरवडून लोणा किती चढला आहे ते पाहिले, आणि कोपऱ्यातल्या एका तिरप्या भेगेपाशी बराच वेळ उभा राहिला. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल, तर तिच्यावरचे घर जन्मभर हलके हलके श्वास घेत राहते. "भेग जुनी आहे, वाढत नाही," असा त्याने निर्वाळा दिला. मग भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "पण साहेब, ही तुळई तुमची असली, तरी तिचे टोक शेजाऱ्याच्या भिंतीत आहे. त्यांना विचारल्यावाचून तुम्हाला एक वीट हलविता येणार नाही."

गवंड्याचे हे वाक्य देवासच्या इतिहासालाही लागू पडते. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंनी येथे राज्य उभे केले, आणि त्यांच्या वंशात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव मात्र एकच राहिले. एका गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार; एका राज्याची सीमा कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते, हे रस्त्यांवरून ठरायचे. इंग्रजांनी १८१८ साली तह केला तो दोघांशी मिळून. १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी कारभारी म्हणून राहिलेला इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर याने हा सारा दुहेरी संसार पाहून थक्क व्हावे, आणि १९५३ साली टेकडीवरच्या देवीचेच नाव देऊन त्यावर पुस्तक प्रसिद्ध करावे, यात नवल नाही. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या आणि पुढे १९५६ साली मध्यप्रदेशात आल्या. सरहद्दी पुसल्या गेल्या. वाटणीची सवय मात्र गल्लीबोळांत मुरून राहिली. आम्ही पाहिलेला तीन भावांचा वाडा ही त्याच सवयीची लहानशी आवृत्ती होती.

विकणारे दोघे भाऊ. थोरले इंदुरात, धाकटे पुण्यात. आईवडील दोघेही निवर्तलेले. भाव ठरत आला तेव्हा कागद पाहताना वंशावळीत एक तिसरे नाव दिसले: बहिणीचे. ती उज्जैनला असते, एवढे कळले. दलाल हसून म्हणाला, "बहन का क्या है साहब, दस्तख़त कर देगी. दोनों भाई साड़ी-चोली करके बिदा कर देंगे." आमच्याकडच्या हिंदीत मराठी शब्द असे सहज मिसळलेले असतात. मीही हसलो. घरी येऊन पत्नीला कागद दाखविले. तिने चष्मा लावून ते वाचले आणि विचारले,

"आनी भयणीची सय खंय?"

"ती हक्कसोडपत्रावर सही करणार आहे," मी म्हटले.

"सय मेळटली. पूण तिचो वांटो?"

या प्रश्नामागे एक वेगळी भूमी होती. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे; तिच्यात मुलगा आणि मुलगी यांचा वारसा समान. माझे श्वशुर वारले तेव्हा त्यांच्या मिळकतीची जी मोजदाद न्यायालयापुढे झाली, तिला तेथे 'इन्व्हेंतार' म्हणतात. तिच्यात सगळ्या बहिणी तर बोलाविल्या गेल्याच, पण मलाही बोलावणे आले. आमचे लग्न गोव्यात नोंदलेले, म्हणून पत्नीच्या वाट्याच्या व्यवहारावर पतीचीही सही लागते, असे कळले. धारहून आलेला जावई आंब्याफणसांच्या कुळागराच्या कागदावर सही करताना किती संकोचला होता, ते आठवून आमच्या घरी अजून हसतात. गोवा म्हणजे स्त्रियांचे नंदनवन होते असे मुळीच नाही; गांवकरीच्या उत्पन्नातला वाटा तेथेही परंपरेने पुरुषांकडेच जात आला. परंतु घराची वाटणी म्हटली की बहिणीचे नाव आपोआप ओठांवर यावे, एवढी सवय त्या कायद्याने लाविली आहे. आम्हा माळव्यातल्या मराठ्यांना ती नाही. देवासच्या दोन पात्यांच्या कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथांत भावाभावांत एवढा काटेकोर हिशेब, पण बहीण कोठे येत नाही. आणि हे माझ्या कधी ध्यानातही आले नव्हते.

मी वकिलाकडे गेलो. त्याने शांतपणे सगळे समजावून दिले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने अशी अट घातली होती की, घरची मंडळी राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस करू म्हणेपर्यंत मुलीने ती मागू नये. २००५ साली ते कलम गेले आणि वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मतः हिस्सेदार झाली. बाप २००५ पूर्वी वारला असला तरी तिचा हा हक्क राहतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. "तिची सही हवीच," वकील म्हणाला. "नाही तर मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचे ४४ वे कलम आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा काही हिस्साच तुम्ही घेतलात, तर परक्या माणसाला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. पैसे देऊन दाराबाहेर उभे राहाल."

"आणि तिने काही न घेता सही केली तर?"

"मग प्रश्नच नाही. कायदा तिच्या बाजूला आहे. पण तिनेच हक्क सोडला, तर कायद्याने काय करावे?"

म्हणजे माझे घर सुरक्षित होते. दोघा भावांना पैसे द्यावेत, बहिणीची सही घ्यावी, आणि किल्ली ताब्यात घ्यावी. तिला काय मिळते हा त्यांच्या घरातला प्रश्न; विकत घेणाऱ्याने त्यात पडण्याचे कारण नव्हते. असे मनाशी ठरवून मी अंथरुणावर पडलो, आणि पहाटेपर्यंत धारचे घर डोळ्यांपुढून हलेना.

धारला आमचे आजोबांचे घर होते. मुंज तलावाकडून येणारा वारा माडीवर खेळायचा. ज्या भोजराजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुविद्येचा ग्रंथ आहे, त्याचे हे गाव. एकशाल, द्विशाल, त्रिशाल, चतुःशाल अशी घरांची गणना करणारा तो ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड मालेत १९२४-२५ साली छापला गेला, आणि आमचे घर त्यातले द्विशाल, असे आजोबा अभिमानाने सांगत. आजोबा गेले १९६५ साली. वडील आणि काका यांचे पटेना. १९६७ साली घर विकायचे ठरले. शाला मोजणाऱ्या भोजाच्या गावी आमचे घर रुपयांत मोजले गेले, ते ९,००० रुपयांना.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी वडिलांनी मला बाजारात पाठविले: बांधून ठेवलेली माहेश्वरी साडी आणि खण घेऊन ये. जिच्या राज्यात माहेश्वरच्या मागांना आश्रय मिळाला ती अहिल्याबाई एक स्त्री होती, हा विचार त्या वयात मला शिवण्याचे कारण नव्हते. काठाच्या जांभळ्या रंगाचे मला अप्रूप वाटले, एवढे आठवते. दुसऱ्या दिवशी आत्या आली. ओसरीवर पाट मांडला होता. कारकुनाने कागद वाचून दाखविला. तिने सही केली. शिकलेली होती, सही सुंदर करायची. मग आजीने तिची ओटी भरली आणि मी आणलेली साडी तिच्या हातात दिली. सगळ्यांना वाटले, बहिणीची बोळवण किती नीट झाली. मलाही वाटले.

आजी, वडील, काका आणि आत्या असे चार वारस. तिचा चौथा हिस्सा २,२५० रुपये होत होता. ही वजाबाकी मी प्रथम मांडली ती त्या रात्री, देवासच्या घराचे कागद उशाशी ठेवून, वयाची साठी ओलांडल्यावर. वडिलांच्या पदरात पडलेल्या पैशांतून पुढे इंदुरातले माझे शिक्षण झाले. शिक्षणातून नोकरी आली, नोकरीतून साठलेली पुंजी, आणि त्या पुंजीतून हे घर. आत्या लवकरच विधवा झाली. इंदुरात एका मुलीला घेऊन ती भाड्याच्या खोल्यांतून राहिली. माझ्या माहितीत तिने पाच घरे बदलली. दिवाळीला मी तिच्याकडे फराळाचा डबा घेऊन जात असे. तिने कधी एका शब्दाने त्या सहीचा उल्लेख केला नाही, आणि तिच्या त्या मौनाला आम्ही सगळे समाधान समजत आलो.

सकाळी मी थोरल्या भावांना कळविले की रकमेचे तीन धनादेश निघतील, तिन्ही सारखे, आणि तिसरा बहिणीच्या नावाचा असेल.

ते संतापले. त्यांचा संताप मला समजत होता. माझे वडील असते तर तेही असेच संतापले असते. "घर आमचे, बहीण आमची. तुम्ही मध्ये कशाला पडून राहिले?" ते माळव्याच्या मराठीत म्हणाले. "तिच्या लग्नाचा खर्च आम्ही केला, बाळंतपणे आम्ही केली, आईचे दुखणे काढले. याचा हिशेब कोण ठेवणार?" हे सारे खरे असावे. माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते. "ती नको म्हणाली, तर तिने धनादेश घेऊन तुम्हाला परत द्यावा. मी तिचा पैसा तिच्या हाती देईन, पुढचे तुम्ही पाहा," एवढेच मी म्हणू शकलो. व्यवहार थांबला. दोन महिने गेले, पावसाळा लागला. दलाल म्हणे, दुसरे गिऱ्हाईक आले आहे. पत्नी निश्चिंत होती, मी नव्हतो. त्या ओसरीवर माझे मन बसले होते, आणि तत्त्वासाठी आवडती वस्तू गमावण्याचे धैर्य माझ्यात पुरेसे नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. दोनदा मी माघार घेण्यासाठी दूरध्वनीपाशी गेलो होतो.

एके दिवशी बहिणीचेच बोलावणे आले. आम्ही दोघे उज्जैनला गेलो. सत्तरीच्या घरातल्या त्या बाई मुलाच्या दोन खोल्यांत राहत होत्या. चहा झाला. मी अडखळत विषय काढला. "आपल्या बंधूंचे म्हणणे असे की, आपल्याला हिस्सा नको आहे," मी म्हणालो.

"मला हिस्सा नको असे मी कधीच म्हटले नव्हते," त्या म्हणाल्या. "मला कोणी विचारलेच नव्हते."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी घराचा भाव विचारला. मी आकडा सांगितला. "स्वस्तात घेता आहात, ठाऊक आहे ना?" त्या म्हणाल्या. "मागच्या चौकाची जागा तुम्ही धरलेली दिसत नाही." मी वरमलो. न्याय करायला निघालेल्या माणसाला स्वतःचा भाव तपासून पाहण्याचे सुचले नव्हते. किंमत थोडी वाढवावी लागली, आणि ती वाढविताना मला एक प्रकारचा हलकेपणा वाटला. निघता निघता मी त्यांना आत्याची हकीकत सांगितली. का सांगितली कोण जाणे; बहुधा शाबासकी हवी असावी. त्यांनी ती नीट ऐकून घेतली. "म्हणजे आपण हे माझ्यासाठी केले नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपले देणे दुसरीकडे आहे. ते आपण माझ्या नावावर जमा करता आहात. मला हरकत नाही. पण ते तिकडचे फिटले, असे समजू नका."

पावसाळा सरल्यावर नोंदणी झाली. उपनिबंधकाच्या कार्यालयात आता यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो आणि लगेच छायाचित्र निघते. तिघे भावंडे एकामागून एक त्या खुर्चीवर बसली. पुण्याहून आलेल्या धाकट्या भावाने बहिणीला हात धरून उठविले. थोरले माझ्याशी बोलले नाहीत. आजही बोलत नाहीत. बहिणीने धनादेश वाचला, घडी न करता पिशवीतल्या पुस्तकात ठेवला आणि मुलाबरोबर निघून गेली. तिने तो भावांना परत दिला की नाही, हे मी विचारले नाही.

घराची डागडुजी हिवाळ्यात काढली. माजघराचा सुटलेला गिलावा खरवडताना भिंतीत एक चौकट दिसू लागली. दोन पिढ्यांमागे वाटणीच्या वेळी बुजविलेले दार होते ते. आवाज ऐकून पलीकडच्या काकू आल्या. त्या विकणाऱ्यांच्या चुलत घराण्यातल्या. सामाईक भिंतीच्या कामाचा अर्धा खर्च द्यायला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. चौकटीकडे पाहत त्या म्हणाल्या, या दारातून सासूबाई आणि त्यांची जाऊ वर्षभर लपून एकमेकींना ताकाचे भांडे देत, मग ते विटांनी चिणले. गवंड्याने विचारले, चौकट काढू का? ती आत तशीच राहू द्यायची ठरली. वरून चुन्याचा हात फिरला.

आता ओसरीवर सकाळचे ऊन येते. पाय जमिनीला लागतात. टेकडीवरच्या देवळातली घंटा ऐकू येते. इतके सुख मागितले होते, तितके मिळाले आहे.

गेल्या महिन्यात पत्नी घरखर्चाची वही घेऊन बसली होती. दुरुस्तीचा हिशेब पुरा झाला, खाली रेघ ओढली. मग तिने पान उलटले नाही, पेन माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आनी तुज्या आत्याचो वांटो?"

आत्याला जाऊन बरीच वर्षे झाली. तिची मुलगी इंदुरातच असते, निवृत्त झाली आहे. १९६७ सालच्या २,२५० रुपयांचे आज किती झाले, हे मला कोणत्याही कोष्टकावरून ठरविता येईना. व्याज धरावे, सोन्याचा भाव धरावा, की धारच्या त्या जागेची आजची किंमत? प्रत्येक रीतीने आकडा निराळा येतो, आणि कोणताही आकडा पाच भाड्याच्या खोल्यांइतका होत नाही. शेवटी हिशेब बाजूला ठेवला. आत्याच्या मुलीला पत्र लिहिले: त्या दिवशी ओसरीवर काय झाले ते, साडी कोणी आणली ते, आणि आपण दोघांनी बसून आकडा ठरवू या, असे. उज्जैनच्या बाईंकडून शिकलो होतो, म्हणून तिला काय हवे ते मीच ठरविले नाही, विचारले.

पत्र टाकून तीन आठवडे झाले. उत्तर अजून आलेले नाही.